कडी निघाल्यानंतर



शाळेंत इतिहास शिकवितांना सनावळीचा जाच मुलांना होतो तसाच तो मास्तरांनाहि होतो, ही गोष्ट निवृत्त झाल्यावर कबूल करावयास आतां हरकत नाहीं. छत्तीस वर्षें मीं फळ्यावर सालें लिहिलीं आणि मुलांनीं तीं वहींत उतरून घेतलीं. एखाद्या किल्ल्याला वेढा केव्हां पडला हें पुस्तकांत असतें. वेढा केव्हां उठला हेंहि असतें. परंतु वेढा उठल्यानंतर किल्ल्याखालच्या पेठेंत पहिलें दुकान कोणीं उघडलें, आठवड्याचा बाजार पुन्हां कधीं भरला, आणि तटाच्या आंत महिनोन् महिने कोंडलेला माणूस दरवाजा उघडतांच बाहेर पडला कीं उंबरठ्याशीं घुटमळला, हें मात्र पुस्तकांत नसतें. मुलांनीं तें कधीं विचारलें नाहीं. मींहि सांगितलें नाहीं, कारण मलाच तें सुचलें नव्हतें. तें सुचावयास स्वतः दीड-पावणेदोन वर्षें घरांत बसावें लागलें.

आज मी बोलणार आहें तें ह्या घुटमळण्याविषयीं. मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचा माणूस. संशोधक म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाहीं. जें सर्वांच्या समोर घडलें आणि जें छापील पुस्तकांत कोणालाहि सांपडेल, तेंच मी थोडें शेजारीं शेजारीं ठेवून पाहणार आहें.

बंद होण्याच्या तारखा आपणां सर्वांना तोंडपाठ आहेत. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत महाराष्ट्रांतले पहिले कोरोनाचे रुग्ण आढळले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच मध्यरात्रीं मुंबईची लोकल थांबली, आणि २५ मार्चपासून सारा देश घरांत बसला. वायदा एकवीस दिवसांचा होता. तो वाढत वाढत मेअखेरपर्यंत गेला. बंद व्हावयास तीनचार दिवस पुरले. उघडावयास मात्र दोन वर्षें लागलीं, आणि तींहि सरळ लागलीं नाहींत.

लोकलचेंच पाहा. १५ जून २०२० ला ती अत्यावश्यक सेवेंतल्या लोकांपुरती सुरू झाली. ऑक्टोबरांत स्त्रियांना ठराविक वेळांत प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ ला ती सर्वांसाठीं सुरू झाली, पण गर्दीच्या वेळा सोडून. म्हणजे ज्या वेळीं नोकरदाराला तिची गरज असते नेमक्या त्या वेळा सोडून. एप्रिलांत दुसरी लाट आली आणि सामान्य उतारूला पुन्हां फलाट बंद झाला. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून, लसीची दुसरी मात्रा घेऊन ज्यांना चौदा दिवस झाले होते, त्यांना पास मिळूं लागले. देवळांचें तसेंच. तीं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, उघडलीं; पुढील एप्रिलांत मिटलीं; आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशीं, पुन्हां उघडलीं. नाट्यगृहें २२ ऑक्टोबरला उघडलीं, पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याच्या अटीवर. सर्व निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ पासून, आणि दुसऱ्याच दिवशीं गुढीपाडवा होता.

ही सनावळी सांगण्यांत माझा हेतु एवढाच कीं, भावी काळांतल्या एखाद्या मुलाला 'टाळेबंदी कधीं संपली?' असा प्रश्न आला तर त्यानें कोणतें उत्तर लिहावें? कोणतेंहि एक लिहिलें तर अर्धे गुण कापावे लागतील.

अशी वेळ आपल्या शहरांवर पूर्वींहि आली होती. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईला मांडवी भागांत प्लेग आहे हें डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं ओळखलें. शहराची वस्ती तेव्हां आठ लाखांवर होती. पुढील फेब्रुवारीपर्यंत तींतले निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. साथीच्या रोगांचा जो कायदा ४ फेब्रुवारी १८९७ ला त्या प्लेगासाठीं घाईघाईनें करण्यांत आला, तोच कायदा १२३ वर्षांनंतर, २०२० च्या मार्चमध्यें, आमच्या पुण्यामुंबईला पुन्हां लागू करण्यांत आला. कायद्याला एवढें दीर्घायुष्य लाभावें ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्याहि ध्यानीं आली नसेल.

मात्र ह्या दोन साथींत एक मोठा फरक आहे, आणि मला वाटतें कीं तिकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. कोरोनाच्या काळांत घर हें सुरक्षित स्थान होतें आणि रस्ता हा शत्रु होता. प्लेगाच्या काळांत घर हाच शत्रु होता. घरांत उंदीर मरून पडला कीं भांडींकुंडीं उचलावीं आणि गांवाबाहेर माळावर किंवा शेतांत झोंपड्या घालून राहावें, हें लोक अनुभवानें शिकले होते. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरविते हें पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस १८९८ मध्यें दाखविलें, आणि तें सर्वांनीं मान्य करावयास पुढें आणखी कांहीं वर्षें गेलीं. पण शास्त्रज्ञांचा वाद चालूं असतांच गांवकरी झोंपडींत जाऊन बसले होते. म्हणजे १८९७ चा माणूस परत येत होता तो घरांत. २०२१ चा माणूस परत जात होता तो घराबाहेर. दिशा अगदीं उलट. आणि तरीहि घुटमळणें तेंच.

माझी आजी लहानपणीं अशा झोंपडींत राहिलेली होती. तिचें माहेर सातारा जिल्ह्यांतलें. प्लेग एकदांच आला नाहीं. तो दोन दशकांहून अधिक काळ पुन्हां पुन्हां येत राहिला, त्यामुळें हें झोंपडींत जाणें आणि परतणें तिच्या आठवणींत एकमेकांत मिसळून गेलें होतें. पण एका परतण्याची गोष्ट ती नेहमीं सांगे. घरांत ऊन शिरावें म्हणून छपरावरचीं कौलें उतरविलेलीं होतीं, जमीन उकरून पुन्हां सारविलेली होती, भिंतींना चुना दिलेला होता. सरकारी माणसानें घर राहण्यालायक झालें असें सांगितलें. मंडळी परत आलीं. स्वयंपाक घरांत होऊं लागला, देव देव्हाऱ्यांत बसले, पण रात्र झाली कीं सर्वजण अंथरुणें घेऊन अंगणांत निजावयास येत. कोणीं कोणाला तसें सांगितलें नव्हतें. आजी म्हणे, "घर आपलंच, पण आंत डोळा लागत नसे." पंधरा दिवस गेले कीं महिना, हें तिला आठवत नव्हतें. एके रात्रीं पाऊस आला आणि सगळे उठून आंत गेले, ते मग आंतच राहिले.

मुंबईंत लोक परतले ते बहुधा पोटासाठीं. गिरण्यांना माणसें मिळेनात, तेव्हां रोजची मजुरी रोज देऊन नाक्यानाक्यावर कामगारांसाठीं चढाओढ लागली, अशी त्या वेळची नोंद आहे. ज्या चाळींत ते परतले त्यांच्या भिंतींवर प्लेगाच्या प्रत्येक मृत्यूमागें एक वर्तुळ काढलेलें असे. आपल्या खोलीच्या दाराशेजारीं दोन वर्तुळें आहेत, आणि आपल्याला सकाळीं सहाला पाळीवर जावयाचें आहे, अशा माणसाच्या मनाचा इतिहास कोणीं लिहिला असता तर तो मीं आनंदानें शिकविला असता.

पुण्याची हकीकत आपणांस माहीतच आहे. रँडसाहेबाची प्लेग कमिटी, गोऱ्या शिपायांनीं घेतलेले घरांचे झाडे, लोकांचा संताप, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं केलेला वध, हें सर्व शाळेच्या पुस्तकांत आहे. त्याच्यापुढचें प्रकरणहि पुस्तकांत आहे. 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबर १८९७ मध्यें त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मुदतीपूर्वींच, ६ सप्टेंबर १८९८ ला, त्यांची सुटका झाली. येथवर मीहि दरवर्षीं सांगत असें. त्यापुढें फळा पुसून मी एकदम १९०५ च्या वंगभंगावर जात असें.

टाळेबंदींत हातीं वेळ होता म्हणून जुनीं पुस्तकें काढलीं, तेव्हां ह्या पुसलेल्या जागेंत काय आहे तें दिसलें. तुरुंगाचा दरवाजा सप्टेंबर १८९८ मध्यें उघडला. आपण 'केसरी'चीं सूत्रें पुन्हां हातीं घेतलीं हें जाहीर करणारा लोकमान्यांचा अग्रलेख प्रसिद्ध झाला तो ४ जुलै १८९९ ला. त्याचा मथळा होता, 'पुनश्च हरिः ॐ'. ह्या दोन तारखांमध्यें दहा महिने आहेत. तुरुंगानें प्रकृति खालावलेली होती. ते विश्रांतीसाठीं सिंहगडावर राहिले. डिसेंबरांत मद्रासच्या काँग्रेसला गेले. तेथून सिंहलद्वीप पाहून आले. म्हणजे ते कांहीं कोपऱ्यांत बसले नव्हते. पण रोजचें जें काम, तें त्यांनीं दहा महिन्यांनीं हातांत घेतलें. लोकमान्यांसारख्या पोलादी माणसाची ही गोष्ट. त्यांच्या मनांत काय होतें तें सांगण्याचें धाष्टर्य मी करणार नाहीं. मी फक्त दोन तारखा शेजारीं ठेवतों, आणि आपल्या पिढीला कोणी 'एवढे दिवस कशाला लावलेत?' असें विचारील तर त्यानें ह्या दोन तारखांकडे पाहावें असें म्हणतों.

योगायोग असा कीं, ३१ मे २०२० ला टाळेबंदी सैल करण्याची घोषणा करतांना त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनीं हाच शब्दप्रयोग उचलला. 'पुनश्च हरिओम' हे शब्द त्या आठवड्यांत घरोघर झाले. प्लेगाच्या प्रकरणांतून जन्मलेला मथळा दुसऱ्या साथींत उपयोगीं पडला. पण मूळच्या मथळ्यामागचे दहा महिने कोणाच्या लक्षांत आले नाहींत, आणि आम्हीं सर्वांनीं १ जूनला सकाळीं उठून खिडकींतून पाहिलें, तों रस्ता होता तसाच होता.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. मी 'घरांत बसलों' असें म्हणतों तेव्हां तो आमच्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्यांचा अनुभव आहे. ज्यांचें पोट रस्त्यावर होतें ते बसले नाहींत. कित्येक शेंकडों मैल चालत आपापल्या गांवीं गेले, आणि १ मे २०२० नंतर श्रमिकांच्या खास गाड्यांनीं गेले. घरांतल्या घरांतहि सर्वजण बसले होते असें नव्हे. एकदां मी फोनवर एका स्नेह्याला "आम्ही सगळे घरांत बसून आहों" असें सांगत होतों, तेव्हां सौ. स्वयंपाकघरांतून म्हणाली, "बसलंय कोण?" कामाच्या बाई येत नव्हत्या, सून घरून नोकरी करीत होती, नातवाची शाळा मोबाइलवर होती, आणि तीन वेळचें करणें सौ.च्या माथीं होतें. त्या दिवसापासून बसण्याचें क्रियापद मी एकवचनीं वापरूं लागलों.

शाळेकडे वळतों, कारण तें माझें क्षेत्र. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवी ते बारावी आणि खेड्यांत पांचवी ते बारावीचे वर्ग उघडले. शेजारच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं मला निरोप धाडला, "गुरुजी, आठवीच्या मुलांना लिहितं करायचं आहे. आठवड्यांतून दोन दिवस याल का?" हीं मुलें सहावींत असतांना घरीं गेलेलीं होतीं. अकरा-बारा वर्षांचीं गेलीं आणि तेरा-चौदा वर्षांचीं होऊन परत आलीं. कित्येकांचे आवाज फुटलेले, गणवेष कोणालाच येत नव्हते. एका बाकावर एकच मूल. मास्क लावलेला असल्यामुळें कोण बोललें हें कळावयाचें नाहीं. आणि वर्गांत अशी शांतता कीं, छत्तीस वर्षें 'शांत बसा' असें ओरडण्यांत घालविलेल्या मला ती सहन होईना.

मीं एक सोपा प्रश्न विचारला. कोणीं हात वर केला नाहीं. शेवटीं मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि उत्तर देण्यापूर्वीं म्हणाला, "सर, आवाज येतोय का?" मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतों. क्षणभर कोणालाच कांहीं उमगलें नाहीं. मग एक मुलगी हंसली, मग सारा वर्ग हंसला, तो मुलगाहि हंसला. शाळा खऱ्या अर्थानें उघडली ती त्या क्षणीं, असें मीं माझ्या रोजनिशींत त्या दिवशीं लिहिलें आहे. तारीख ४ ऑक्टोबर नव्हे, १४ ऑक्टोबर.

लिहिण्याची गोष्ट निराळी. मुलांना येत होतें पुष्कळ. कित्येक गोष्टी त्यांना माझ्याहून अधिक येत होत्या. पण अर्धें पान लिहिलें कीं हात झटकूं लागत. बोटांना पेनची संवय राहिली नव्हती. ओळ सरळ राहीना, शब्दांतलें अंतर राहीना. हें केवळ माझें निरीक्षण नाहीं. त्याला सरकारी पुरावा आहे. २०२१ सालीं दहावीची लेखी परीक्षा झालीच नाहीं. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून १६ जुलैला निकाल लागला, आणि तो ९९.९५ टक्के होता. आमच्या वेळीं मॅट्रिकचा निकाल म्हणजे घरांत सुतक कीं पेढे, असा प्रश्न असे. त्या वर्षीं पेढे सर्वत्र आले, पण ते हातावर ठेवतांना मुलांच्या तोंडावर कांहीं आनंद दिसला नाहीं. एक मुलगी मला म्हणाली, "सर, मी पास झाले, पण परीक्षा दिलीच नाही." पुढच्या वर्षीं, १५ मार्च २०२२ पासून, परीक्षा पुन्हां वर्गांत बसून झाली. मंडळानें अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला होता, मुलांना त्यांच्याच शाळेंत केंद्र दिलें होतें, आणि ऐंशी गुणांच्या पेपराला अर्धा तास अधिक दिला होता. कारण मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला आहे. शंभर पानांचा अहवाल जें सांगणार नाहीं तें ह्या अर्ध्या तासानें सांगितलें. परतणाऱ्या माणसाला थोडा अधिक वेळ लागतो ही गोष्ट कोणत्या तरी सरकारी परिपत्रकांत लिहून ठेवलेली मीं त्यापूर्वीं पाहिलेली नव्हती.

गर्दींत शिरण्याची संवय सर्वांत शेवटीं आली. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही आषाढांत आळंदी-देहूच्या पादुका एस. टी. बसनें पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्यें वारी पुन्हां पायीं निघाली, आणि २२ जूनला दोन्ही पालख्या पुण्यांत आल्या. वर सांगितलेल्या १८९७ च्या २२ जूनला त्या दिवशीं बरोबर १२५ वर्षें झालीं होतीं, ही इतिहास-मास्तरांची खोड म्हणून सोडून द्या. मी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर उभा होतों. मनाशीं ठरविलें होतें कीं पायरी उतरावयाची नाहीं. टाळांचा आवाज जवळ आला, मागून रेटा आला, आणि मी खालीं होतों. कोणाचा तरी घामेजलेला खांदा माझ्या खांद्याला लागला. दोन वर्षांत परक्या माणसाचा स्पर्श पहिल्यानें झाला तो तेव्हां. मीं खिशांतला मास्क चांचपला आणि तो खिशांतच राहूं दिला.

आतां जें सांगावयाचें तें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं, म्हणून थोडें मागें जातों.

माझे एक स्नेही होते; एकाच शाळेंत आम्हीं सव्वीस वर्षें काढलीं. ते ड्रॉइंग मास्तर. निवृत्तीनंतर रोज सायंकाळीं वाचनालयांत आमची भेट होई. टाळेबंदींत फोन चाले. एप्रिल २०२१ मध्यें ते गेले. त्या दिवसांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. त्यांच्या मुलाचा फोन आला. तो मला 'या' म्हणाला नाहीं आणि 'येऊं नका' असेंहि म्हणाला नाहीं. मीच म्हणालों, "अरे, सरकारचा नियम आहे, काय करणार?" नियम वीस जणांचा होता. तेथें सात जण होते, हें मला मागाहून कळलें.

पुढें जून आला, दुकानें उघडलीं. ऑगस्ट आला, लोकल सुरू झाली. मी लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेला माणूस. भाजी आणावयास जात होतों, ऑक्टोबरांत शाळेंत जाऊं लागलों. पण त्यांच्या गल्लींत गेलों नाहीं. ती गल्ली माझ्या घरापासून बँकेच्या वाटेवर आहे. मी दुसऱ्या वाटेनें जाऊं लागलों. प्रथम भीति होती ती रोगाची. मग ती गेली आणि तिच्या जागीं लाज आली. इतक्या उशिरां जाऊन काय म्हणावयाचें, हा प्रश्न दर आठवड्याला अधिक मोठा होई. आजी अंगणांत कां निजत होती, हें मला ह्या वाटेवर समजलें.

नोव्हेंबरांत आम्हां निवृत्तांना बँकेंत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहों हें आपण स्वतः जाऊन सांगावयाचें. आदल्या वर्षींचा दाखला घरबसल्या कसाबसा पार पडला होता. ह्या वेळीं मी रांगेंत उभा राहिलों. खिडकीवरच्या मुलीनें नम्रपणें सांगितलें, "आजोबा, मास्क जरा खाली घ्या." मीं तो खालीं घेतला. तिनें माझ्याकडे पाहिलें, जुन्या फोटोकडे पाहिलें, आणि सही करावयास सांगितलें. सही थोडी निराळी आली; पुन्हां करावी लागली. दाखला झाला. बाहेर आलों आणि, कां तें सांगतां येत नाहीं, पण जुन्याच वाटेनें निघालों.

दार वहिनींनींच उघडलें. मी उंबरठ्याबाहेर उभा. ठरविलेलीं वाक्यें एकहि आठवेना. त्या म्हणाल्या, "या भावोजी. चपला तिथंच असूं द्या." मी खुर्चीवर बसलों, समोरची खुर्ची त्यांची होती, ती रिकामी होती. मी म्हणालों, "वहिनी, मी त्या दिवशीं यायला हवं होतं." त्या कांहीं बोलल्या नाहींत. चहा घेऊन आल्या. बराच वेळ आम्हीं भिंतीवरचीं त्यांचीं निसर्गचित्रें पाहत होतों. मग त्या उठल्या आणि टेबलावरचें एक पुस्तक घेऊन आल्या. "हें वाचनालयाचं राहिलंय. तेवढं परत कराल? दंड किती झाला असेल, देव जाणे."

पुस्तक मीं घरीं आणलें. पहिल्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटविलेली होती. तींत दर आठ-पंधरा दिवसांचे शिक्के एकाखालीं एक पडलेले होते, आणि शेवटचा शिक्का मार्च २०२० चा होता. त्याखालीं नुसत्या निळ्या रेघा. मीं तें पुस्तक आधीं वाचलें. कांहीं पानांच्या कडेला पेन्सिलीनें काढलेलीं लहान लहान चित्रें होतीं. वाचनालयाच्या पुस्तकावर असें करूं नये हें त्यांनींच मुलांना कितीतरी वेळां सांगितलेलें होतें.

डिसेंबरांत मी वाचनालयांत गेलों. तेथील कारकुनानें चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलें, आणि दंडाचें नांव न काढतां शिक्का मारला. मग वही उघडून म्हणाला, "ह्यांचं खातं बंद करायचं का?" मी म्हणालों, "वहिनींना विचारून सांगतों." आणि त्या सायंकाळीं एवढेंच विचारावयास मी पुन्हां त्यांच्याकडे गेलों.